पस्तीसचा सोस

आमच्या पिकअपच्या मागच्या सीटखाली एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. ते आईसाठी घेतलं होतं. गाडी नवी होती तेव्हा आई एक हात दाराच्या कडीला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून, "थांब, घाई करू नकोस," असं म्हणत चढायची. तेवढं पुरायचं. मग मी गाडीला दोन इंचांचं लिफ्ट किट, म्हणजे गाडीची बॉडी वर उचलणारा संच, आणि पस्तीस इंची टायर घातले. दाराचा उंबरा जवळपास नऊ सेंटिमीटर वर गेला. टेपवर नऊ सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला तो अख्खा मजला. पहिल्या दिवशी आईने पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी येते माझी माझी."

दुसऱ्या दिवशी स्टूल आलं.

ऑफ-रोडचा नाद असलेल्या आणि तीच गाडी रोज कामावर नेणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात टायरच्या मापाचा हा घोळ एकदा तरी येतोच. कंपनीने दिलेले टायर मडगार्डच्या खोबणीत पोरक्यासारखे दिसायला लागतात. कुठेतरी कुणाची तरी गाडी दिसते, चाकं कमानी भरून टाकणारी, आणि मन म्हणतं, आपल्यालाही पाहिजे. कारणं मागाहून गोळा होतात. मीही केली. ग्राउंड क्लिअरन्स, दगड, नाले, चिखल. खरं कारण गाडी पार्क केल्यावर मागे वळून बघताना काय वाटतं, हे होतं. आज ते कबूल करायला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र मी हिशेब मांडायचो.

तो हिशेब आधी सांगतो, कारण त्यात खोट नव्हती. गाडीवर मूळचं माप २६५/७० आर १७ होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, २६५ मिलिमीटर. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के साइडवॉल, टायरची बाजूची भिंत: सत्तर टक्के, म्हणजे १८५.५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल आणि सतरा हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असा त्रिवेणी संगम ज्याने केला त्याला नमस्कार. वरची आणि खालची साइडवॉल धरून ३७१ मिलिमीटर, त्यात सतरा इंचांचे ४३१.८ मिळवायचे. टायरची उंची झाली सुमारे ८०३ मिलिमीटर, साडेएकतीस इंचांहून जराशी जास्त. पस्तीसवाल्यांचं माप सरळ इंचांत लिहिलेलं असतं: ३५ गुणिले १२.५०, रिम १७. मात्र गाडीवर चढवून, हवा भरून, जमिनीपासून टेप लावला की पस्तीस कधीच पस्तीस भरत नाहीत. वजनाखाली दबण्याचं सोडा, नुसता मोजला तरी माझा टायर साडेचौतीस भरला. म्हणजे ८७६ मिलिमीटर.

ऑफ-रोडला उंच टायरचं महत्त्व नेमकं एका कारणाने आहे आणि ते कारण पक्कं आहे. लिफ्ट किटने गाडीची बॉडी वर जाते, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये लोंबणारा डिफरन्शिअलचा, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा, भोपळा जिथल्या तिथे राहतो. दगड आधी त्यालाच लागतो. तो भोपळा जमिनीपासून वर उचलायचा तर चाक मोठं करणं हा एकच साधा मार्ग. पण व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते, कारण उरलेलं निम्मं अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला जातं. माझा व्यास ७३ मिलिमीटरने वाढला आणि भोपळा सदतीसने वर गेला. तेहतीसच्या वर्गातलं २८५/७० आर १७ घेतलं असतं तर चौदाने गेला असता.

दुसरा फायदा पायरी चढण्याचा. दीडशे मिलिमीटर उंचीचा दगड चाकाला आडवा आला, तर चाक जितकं मोठं तितका तो दगड त्याच्या तळाशी लागतो, आणि चढायला आडवा रेटा कमी पुरतो. मी एकदा हा त्रिकोण कागदावर मांडला. मूळ चाकाच्या तुलनेत तेहतीसला तीन टक्के कमी रेटा लागतो, माझ्या पस्तीसला आठ टक्के. आठ टक्के! तीस-चाळीस मिनिटं खोडरबर घासून आलेला आकडा बघून मी जरा खट्टू झालो होतो. मला वाटलं होतं निदान पाव हिस्सा तरी निघेल. पण तोपर्यंत टायर येऊन पडले होते.

टायर बसवून बाहेर पडलो आणि तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर पूर्ण स्टिअरिंग फिरवून रिव्हर्स घेतली. खर्रर्र. माणूस लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढतो तसा आवाज. पुढे घेतली, गप्प. पुन्हा मागे, खर्रर्र. परत गेलो. मिस्त्री चाकाच्या मागे आडवा झाला आणि आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर आणि त्याच्या मागच्या बॉडी माउंटच्या कोपऱ्यावर खडूने खुणा करत म्हणाला, "साहेब, गाडीला टायर बसवायचाय, की टायरला गाडी?" मग हीट गन आली, अस्तर गरम करून मागे दाबलं गेलं, आणि बॉडी माउंटचा कोपरा कापून, त्यावर पत्रा वेल्ड करून रंग मारला. तरीही एक चाक खड्ड्यात आणि स्टिअरिंग पूर्ण फिरलेलं असं जुळून आलं की बारीक खर्र यायचंच. वर्षभराने तो आवाज मला ऐकू येईनासा झाला. शेजारी बसणाऱ्याला यायचा.

टायर कुठे घासणार हे नुसत्या उंचीवर ठरत नाही, हे मला तेव्हा कळलं. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते, त्यात निम्मा वाटेकरी असतो. चाक बाहेर काढलं की आतल्या सस्पेन्शनच्या हातापासून सुटतं, पण वळताना मोठा वर्तुळखंड फिरतो आणि पुढच्या-मागच्या कडांना भिडतं. शिवाय चाक बाहेर आलं की स्टिअरिंगला खड्ड्याचे झटके जास्त जाणवतात आणि बेअरिंगवर ताण वाढतो. मी दिसायला झकास म्हणून बाहेर आलेली रिम घेतली होती. ती चूक माझी, टायरची नव्हे.

मग वजन. जुना टायर आणि नवा टायर, दोन्ही रिमवरून उतरवलेले असताना मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक कवेत घेऊन उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. जुना १७ किलो, नवा ३१. चौदा किलोचा फरक, चार चाकांचे छप्पन्न. छप्पन्न किलो म्हणजे एक किरकोळ प्रवासी, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली, पण ते तसं नसतं. हौद्यात ठेवलेलं वजन फक्त पुढे न्यावं लागतं. टायरमधलं वजन पुढे न्यावं लागतं आणि वर गरागरा फिरवावंही लागतं, तेही परिघावर, जिथे ते सगळ्यात महाग पडतं. वेग घेताना आणि थांबताना ते जवळजवळ दुप्पट भरतं. म्हणजे प्रत्येक सिग्नलवर मी शंभरेक किलोचं एक अदृश्य पोतं हलवायचो आणि पुढच्या सिग्नलवर थांबवायचो.

थांबवण्याचं जास्त लागलं. ब्रेकच्या डिस्क होत्या तेवढ्याच, आणि रस्ता आता नऊ टक्के लांब दांड्याने त्यांच्याशी झोंबत होता. पेडल दाबल्यावर गाडी थांबायची, पण आधी थांबायची तिथे नाही, जरा पुढे. हे 'जरा पुढे' अंगवळणी पडतं आणि तेच धोक्याचं. एकदा पावसात पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचा स्क्रू दिसेपर्यंत जवळ जाऊन थांबलो. बायको काही बोलली नाही. तिने फक्त डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

गिअरची गोष्टही तीच. माझ्या गाडीचं फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं गुणोत्तर, ४.१० आहे. मोठ्या टायरने ते असल्यासारखं वागतं ३.७६. चढावर सहावा गिअर नावापुरता उरला, पाचवा कुरकुरायला लागला, आणि बंपर टू बंपर गर्दीत क्लचचा वास यायला लागला. पूर्वीची ओढ परत आणायची तर दोन्ही अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनिअन, म्हणजे तेच शेवटचे गिअर, बदलून ४.५६ लावायला हवेत. फोर व्हील ड्राइव्हला पुढचं-मागचं गुणोत्तर एकच हवं, म्हणजे काम दुप्पट. टायरच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही. धरला तर पस्तीसचे निम्मे गिऱ्हाईक दुकानाच्या दारातूनच परत फिरतील.

स्पीडोमीटरची तर वेगळीच गंमत. तो चाकाचे फेरे मोजतो आणि चाकाचा घेर त्याने गृहीत धरलेला असतो. काट्यावर ८० असताना मी खरा ८७ने चाललेलो असायचो. स्पीडोमीटरबद्दल संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ आहे, तो सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये; थोडा जास्त दाखवला तर चालेल. म्हणून कंपन्या मुळातच काटा थोडा चढा ठेवतात. तेहतीसचा साडेतीन टक्क्यांचा फरक बरेचदा त्या चढेपणात जिरून जातो. नऊ टक्के जिरत नाहीत. उलट बाजूने, ओडोमीटर कमी अंतर मोजतो, त्यामुळे मायलेज आहे त्याहूनही वाईट दिसतं. पहिल्या महिन्यात मी मायलेजच्या आकड्याने इतका हादरलो की इंजेक्टर तपासायला गाडी दिली. इंजेक्टर निर्दोष सुटले.

आणि स्टेपनी. पस्तीसचं चाक हौद्याखालच्या जागेत मावत नाही, त्यामुळे पहिले काही महिने मी जुनंच चाक स्टेपनी म्हणून ठेवलं. मग सहज गणित केलं. एका किलोमीटरला मोठं चाक ३६३ फेरे घेतं, छोटं ३९६. एकाच अ‍ॅक्सलवर ही जोडी लावली तर डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत वळण घेतल्यासारखा फिरत राहणार. त्यात कोरड्या, कडक जमिनीवर फोर व्हील टाकलं तर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, पीळ बसणार. म्हणजे जिथे स्टेपनीची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ती वापरणं सगळ्यात वाईट. पाचवा टायर घ्यावा लागला. तो हौद्यात आडवा पडून राहिला, आणि पिकअप घेण्यामागचं जे कारण मी घरात सांगितलं होतं, म्हणजे सामान, ते त्याच्या कडेकडेने जायला लागलं.

आवाजाबद्दल थोडक्यात: ते मड टेरेन होते, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. फोनवर लोक विचारायचे, "विमानतळावर आहेस का?"

एवढं सगळं सहन केलं ते ज्या दिवसांसाठी, त्यांतला एक दिवस सांगायलाच हवा. कोरड्या नदीच्या पात्रातून जायचं होतं. वर भुरभुरीत वाळू, मधे मधे गोटे. मित्राची जुनी गाडी पुढे होती, कंपनीच्या मापाच्या, म्हणजे माझ्यापुढे खेळण्यातल्या वाटाव्या अशा टायरवर. पात्रात उतरण्याआधी तो खाली उतरला आणि चारही चाकांपाशी उकिडवा बसून हवा काढायला लागला. मी काच खाली करून विचारलं, "किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "तुला काढायची नाही?" मी म्हटलं, "मला काय गरज आहे?" हे वाक्य मला आजही रात्री कधी आठवतं.

तो गेला. चाकं जराशी पसरल्यासारखी, पोट सुटल्यासारखी दिसत होती, पण गाडी वाळूवरून साबण घसरावा तशी गेली. मी त्याच्याच चाकोरीत उतरलो. साठ-सत्तर मीटरवर इंजिनाचा सूर खाली आला. मी पाय दाबला, आणि पुढच्या दोन सेकंदांत पस्तीस इंची मड टेरेनने तेच केलं जे मोठे ठोकळेवाले टायर वाळूत फार उत्तम करतात: खणलं. मागची चाकं अर्धी आत, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो सदतीस मिलिमीटर वर गेलेला भोपळा वाळूवर सपशेल टेकलेला.

मित्र चालत परत आला. हसला नाही, त्याचं मला जास्त लागलं. त्याने खिशातून गेज काढलं, माझ्या टायरला लावलं. ३८ पीएसआय. "पंधरावर आण," एवढंच म्हणाला. हाताने वाळू उपसली आणि व्हॉल्व्हच्या आतली सुई दाबून हवा सोडत बसलो. मोठ्या टायरमध्ये हवा मावते खूप. सुटता सुटत नाही. जवळ जवळ पाऊण तासाने रिव्हर्स टाकून क्लच सोडला, तर गाडी एक धक्काही न लागता आपल्याच चाकोरीतून मागे चालत आली. फावडं नाही, दोरी नाही.

ही युक्ती जुनी आहे. १९३०च्या आसपास राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला अभियंता साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटातल्या टेकड्या ओलांडत होता, तो टायरमधली हवा कमी करूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी समुद्रातून थेट किनाऱ्यावर चढणारी डक नावाची सहाचाकी बनवली, तिच्यात तर चालकाला जागेवर बसून टायरची हवा कमी-जास्त करता यायची. पाण्यातून वाळूवर येताना कमी, पक्क्या रस्त्यावर जास्त. त्या लोकांना माप बदलण्याची चैन नव्हती, दाब बदलण्याची होती.

घरी आल्यावर मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. नंतर तेहतीस बसवल्यावर मी ते केलं. पुढचं चाक जॅकवर घेतलं, टायरच्या नक्षीला पोस्टर कलर फासला, खाली पुठ्ठा ठेवला आणि गाडी अलगद खाली सोडून पुन्हा उचलली. छाप्याची लांबी ३६ पीएसआयला १६ सेंटिमीटर आली, रुंदी २१. मग हवा अठरावर आणली, नवा पुठ्ठा ठेवला. लांबी २५, रुंदी २२. मला वाटत होतं टायर पसरतो म्हणजे आडवा पसरतो. नाही, तो लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. छापा दीडपटीहून जास्त मोठा झाला, आणि त्यासाठी काही कापावं, वेल्ड करावं, बदलावं लागलं नव्हतं. दोन्ही पुठ्ठे गॅरेजच्या भिंतीवर लावून ठेवलेत. बायकोला ते चित्रकला वाटतात.

अर्थात हवा काढण्याला शिस्त लागते. साइडवॉल मऊ झालेली असते; वेगात जोरात वळलं तर टायर रिमवरून निसटतो. तशा हवेत डांबरी रस्त्यावर पळवलं तर तो वाकून वाकून तापतो आणि फाटतो. म्हणून भरायचं साधन जवळ नसेल तर काढायचं नाही. मी पस्तीस इंची टायरवर एवढं घातलं आणि कॉम्प्रेसरवर काही नाही, हे त्या दिवशी नदीत बसून लक्षात आलं. मित्राच्याच कॉम्प्रेसरने चार टायर भरले. तोही म्हणाला, "तुझे टायर कॉम्प्रेसर मारतील माझा." रिमचाही इथेच संबंध येतो. दबायला साइडवॉल हवी. तेहतीसच्या टायरला सतरा इंची रिमवर सुमारे दोनशे मिलिमीटर साइडवॉल मिळते, वीस इंची रिमवर एकशे पासष्टच्या आसपास. वीस इंची रिम दिसायला देखणी, पण दगडावर हवा काढून चालवताना ती दगडाला पस्तीस मिलिमीटरने जास्त जवळ असते.

त्या वर्षी मी आणखी एक उद्योग केला. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली आणि रस्ता सोडला की किलोमीटर लिहून ठेवायला लागलो. वर्षाचे १४,२०० किलोमीटर झाले. त्यांतले डांबर सोडून ६१०. शंभरातले चार, फार तर साडेचार. हा आकडा दाखवून मला कुणी म्हणालं की मग कंपनीचेच टायर ठेव, तर मी ऐकणार नाही. त्या सहाशे दहा किलोमीटरसाठीच गाडी घेतली आहे. बाकीच्या तेरा हजारांसाठी कुठलीही चारचाकी चालली असती. पण ते सहाशे दहा मी पुन्हा एकेक करून वाचले. खडबडीत कच्चे रस्ते, चिखल, वाळू, दोन-तीन नाले. डिफरन्शिअल दगडावर टेकला असता असे प्रसंग वर्षात दोन. दोन्हीकडे दुसरी वाट होती.

मग पस्तीस विकले. घेणाऱ्याला मी सगळं सांगितलं, त्याने काही ऐकलं नाही. मलाही कुणी सांगितलं असतं तर मी तरी ऐकलं असतं का.

तेहतीसमध्येही दोन मतं आहेत आणि दोन्ही मला पटतात, ही अडचण. एक माप २५५/८० आर १७. उंची ८४० मिलिमीटर, पूर्ण तेहतीस इंच, पण अरुंद. अरुंद टायर कमी जड, घासण्याची शक्यता कमी, ओल्या रस्त्यावर पाणी कापत जातो, आणि पातळ चिखलातून खालच्या कडक जमिनीपर्यंत पोहोचतो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. महामार्गावर पावसात स्टिअरिंग एकदम हलकं झालेलं ज्याने अनुभवलंय त्याला हे समजवावं लागत नाही. माझं मन अरुंदकडे होतं. शेवटी घेतलं २८५/७० आर १७, म्हणजे ८३१ मिलिमीटर. अरुंद माप दुकानात सहसा नसतं, मागवावं लागतं, हे एकच कारण. घरापासून लांब दगडाने साइडवॉल चिरली, तर तिला पंक्चरसारखं ठिगळ लागत नाही, नवाच टायर लागतो. तो पुढच्या दुकानात मिळेल का, हा प्रश्न मला आठ टक्के आणि तीन टक्क्यांपेक्षा मोठा वाटला.

प्लायच्या बाबतीत मात्र मी मिस्त्रीचंही ऐकलं नाही. तो म्हणत होता, दहा प्लाय घ्या, दगडाला दाद देणार नाही. दहा प्लाय म्हणजे आत खरोखर दहा थर असतात असं नाही, तो ताकदीचा जुना हिशेब आहे. टायरवर 'ई' अक्षर असतं. २८५/७० आर १७ ई मध्ये घेतला तर लोड इंडेक्स १२१, म्हणजे एका टायरला १४५० किलो. सहा प्लायच्या 'सी' मध्ये ११६, म्हणजे १२५० किलो. चार टायरचे पाच टन झाले. माझी गाडी माणसं, सामान, सगळं धरून तीन टनांच्या पुढे जात नाही. मग रोज सकाळी दहा प्लायच्या कडकपणावर कमरेचे मणके का ठोकून घ्यायचे? जड कॅम्पर ओढणाऱ्याने, रोज टोकदार दगडांतून जाणाऱ्याने 'ई' जरूर घ्यावा. नक्षी ऑल टेरेन घेतली. चिखलात ती लवकर भरते, हे खरं. पण ओल्या डांबरावर तिच्या ठोकळ्यांतल्या बारीक चिरा धरून ठेवतात, आणि माझे ओल्या डांबराचे दिवस चिखलाच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

लिफ्ट किटही काढलं. त्याशिवायही हे माप कमानीत बसतं, फक्त अस्तराचा एक कोपरा जरा दाबावा लागला, तो आधीच दाबलेला होता. स्टेपनी पुन्हा हौद्याखाली गेली, हवा थोडी कमी करून, कुरकुरत, पण गेली. आता पाचही टायर आळीपाळीने फिरवतो, म्हणजे स्टेपनीही बाकीच्यांइतकीच झिजते. रस्त्यावरची हवा खडूने ठरवली: नक्षीवर आडवी खडूची रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं आणि बघायचं. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडेची आधी पुसली तर कमी. माझी गाडी रिकामी असताना ३४वर रेघ सारखी पुसली जाते.

पस्तीसची आठवण येत नाही असं म्हणणार नाही. परवा कुणाची तरी तशीच गाडी शेजारी येऊन थांबली. सिग्नल सुटल्यावरही मी आरशात तिच्या चाकांकडे बघत राहिलो आणि मागून हॉर्न खाल्ला. खडकांवरून इंच इंच चढणं हाच ज्याचा खेळ आहे, ज्याने क्राउन-पिनिअन आणि ब्रेक दोन्ही बदललेत, आणि कामावर जायला ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, त्याने पस्तीस घ्यावेत. मी त्याच्या गाडीत मागे बसेन.

आई आता पूर्वीसारखीच चढते. उंबरा मूळपेक्षा चौदा मिलिमीटर वर आहे, तो तिला कळलेला नाही, मी सांगितलेलंही नाही. स्टूल मात्र गाडीतच राहिलं. नदीच्या काठी थांबलो की ते बाहेर काढतो, पहिल्या चाकापाशी ठेवतो, बसतो, आणि गेज लावून हवा सोडायला लागतो. चार चाकांना मिळून वीसेक मिनिटं लागतात. उकिडवं बसून एवढा वेळ आता माझेही गुडघे टिकत नाहीत.